हात चालतो, मग डोके का चालू नये?



लोकसभेची निवडणूक आली की गिरणीच्या गेटवर मोटारी येतात. पाच वर्षे ज्यांना आपल्या गल्लीचा रस्ता सापडत नाही, त्यांना तो त्या महिन्यात बरोबर सापडतो. हात जोडले जातात, हार पडतात, भाषणे होतात, टाळ्या पडतात, धुरळा उडवीत मोटार निघून जाते. आणि आपले मत? ते खानावळीत ठरते, जातीच्या बैठकीत ठरते, नाहीतर थोरल्याच्या शब्दावर ठरते. पक्षाच्या जाहीरनाम्यावर ते ठरत नाही, कारण जाहीरनामा आपण वाचतच नाही.

२०२४ च्या लोकसभेच्या वेळची गोष्ट. पहिली पाळी सुटायची आणि दुसरी आत जायची, ती वेळ साधून आमच्या गेटवर सभा लावली होती. कंत्राटावर काम करणारा एकोणीस वर्षांचा एक पोरगा पुढे झाला. म्हणाला, “साहेब, कंत्राटदार आमच्या पगारातून फंड कापतो. तो भरतो की गिळतो, ते आम्हाला कळत नाही. तुमच्या जाहीरनाम्यात यावर काय आहे?” साहेब नुसते हसले. पोराला गप्प करायची त्यांना गरजच पडली नाही. आम्हीच त्याला दंडाला धरून मागे ओढला. “कालचं पोर तू, तुला काय कळतं? मोठी माणसं बोलतात ना!”

मतदानाच्या दिवशी तो पोरगा केंद्रावर आलाच नाही. विचारले तेव्हा म्हणाला, “मामा, तोंड बंद ठेवायचं आणि शाईला नुसतं बोट पुढं करायचं, असलं मत मला नको.”

हे बोलणे आम्हाला झोंबले. झोंबायलाच पाहिजे होते. कारण “तुला काय कळतं?” हा प्रश्न काही नवा नाही. तो आधी आपल्याच बापजाद्यांना विचारला गेला होता.

इंग्रजांच्या अमलात मत कोणाला होते? ज्याच्याकडे जमीन आहे, जो कर भरतो, जो शिकलेला आहे, त्याला. दहा बाय दहाच्या खोलीत दहा जणांनी पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगाराला बहुतेक ठिकाणी मत नव्हते. अडाण्याला राज्यकारभारातले काय कळते, असा त्यांचा सवाल! प्रत्येक सज्ञान माणसाला, बाईला आणि पुरुषाला, मत पाहिजे, ही मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे मांडली. पुढे त्यांच्याच देखरेखीखाली घटना तयार झाली आणि तिच्या ३२६ व्या कलमाने तो हक्क सर्वांना दिला. जमीन विचारली नाही, जात विचारली नाही, शाळेचा दाखला विचारला नाही. वय तेवढे विचारले. ते ठरले एकवीस.

१९५१-५२ साली पहिली निवडणूक झाली. तेव्हा सुमारे अठ्ठावीस लाख बायांची नावे यादीतून गळली, हे आपल्याला ठाऊक आहे काय? त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या प्रांतांतल्या. यादी करणाऱ्याला त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. मत मिळाले होते, पण ते वापरायला आधी आपले नाव उच्चारावे लागते. ज्याला घरात तोंड उघडू दिले जात नाही, त्याचे मत कागदावरच राहते. आमच्या त्या पोराचेही तेच झाले.

आता एकवीस वर्षांचा हिशेब पाहू. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात अठरा वर्षे पुरी केलेला माणूस सज्ञान धरला होता. अठराव्या वर्षी त्याला पुरे काम. रात्रपाळी त्याला, कापसाची धूळ त्याच्या छातीत, पट्ट्यात हात गेला तर हातही त्याचाच. फौजेत तर साडेसतराव्या वर्षी भरती होते. १८७५ च्या कायद्याने अठराव्या वर्षी तो करारावर सही करायला लायक होता. म्हणजे मालकाच्या कागदावर त्याची सही चालत होती, पण सरकार निवडायच्या कागदावर त्याचा शिक्का चालत नव्हता! हात अठराव्या वर्षी मोठे झाले आणि डोके मात्र तीन वर्षे लहान राहिले, हे कोणत्या शास्त्रात बसते?

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर हे डोळ्यांना दिसले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर पुन्हा गोळ्या सुटल्या. शंभरावर माणसे गेली. त्यांत गिरणी कामगार होते आणि मिसरूडही न फुटलेली पोरे होती. गोळीने कोणाचे वय विचारले नाही. पण १९५७ च्या निवडणुकीत त्या गोळीबाराचा जाब मतपेटीतून विचारायची वेळ आली, तेव्हा मोर्च्यात पुढे असलेल्या कितीतरी पोरांना मतदान केंद्राच्या बाहेरच उभे राहावे लागले. त्यांनी पत्रके वाटली, भिंती रंगवल्या, म्हाताऱ्यांना हाताला धरून केंद्रावर नेले. स्वतःचे मत मात्र त्यांना नव्हते.

एकविसाचे अठरा व्हायला १९८९ साल उजाडावे लागले. घटनेची ६१ वी दुरुस्ती २८ मार्च १९८९ रोजी अमलात आली आणि त्याच वर्षीच्या लोकसभेला अठरा वर्षांच्या पोरापोरींनी पहिल्यांदा मत दिले. इंग्लंडने हे १९६९ च्या कायद्याने केले होते, अमेरिकेने १९७१ साली. अमेरिकेतल्या पोरांचे म्हणणे साधे होते. अठराव्या वर्षी व्हिएतनामला मरायला पाठवता, मग पाठवणारे सरकार निवडायला आम्ही लहान कसे? ऑस्ट्रियाने तर २००७ साली हे वय सोळावर आणले.

आपल्याकडे सोळाची मागणी करावी काय? यावर खुशाल वाद करा. वाद झालाच पाहिजे. पण आमचे मत असे की आधी अठराचे तरी खरे करा. २०२४ साली देशाच्या यादीत सुमारे ९७ कोटी मतदार होते, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरापोरींपैकी निम्म्यांचीही नावे त्यात लागली नव्हती. जो हक्क मिळायला चाळीस वर्षे गेली, तो वापराविना पडून आहे.

काही म्हणतील, पोरं उथळ असतात, झेंडा नाचवला की मागे धावतात, मोबाईलवर जे दिसेल ते खरं मानतात. मानतात, हे आम्हाला कबूल. पण पाकीट घेऊन मत देणारा पन्नाशीचा असतो की विशीचा? जातवाला म्हणून डोळे मिटून शिक्का मारणारा कोण असतो? उथळपणाला वयाचा दाखला लागत नाही. त्यावर औषध एकच, ते म्हणजे मतदानाच्या आधी चारचौघांत उघड चर्चा. आणि ती चर्चा म्हणजे माणसांची नव्हे, धोरणांची.

इथे १९५७ सालचा आणखी एक धडा घ्या. त्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्ष, प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एका समितीत उभे राहिले. एरवी त्यांचे एकमेकांशी पटत नव्हते. पण मराठी भाषकांचे राज्य, मुंबईसह, या एका मागणीवर ते एक झाले आणि लोकांना ती मागणी नीट समजली होती. गिरणगावासह मुंबई मध्य मतदारसंघातून कॉम्रेड डांगे लोकसभेवर गेले. साताऱ्यातून नाना पाटील गेले, राजापुरातून नाथ पै गेले. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. मागणी स्पष्ट होती म्हणून मताला धार आली.

पण राज्य मिळाल्यावर समिती फुटली आणि १९६२ साली तिची ती ताकद उरली नव्हती. भाकरीचे, कामाचे, घराचे काय, यावर त्या पक्षांचा एकमुखी करार झालेलाच नव्हता. राज्य मराठी झाले, तरी गिरणीचे कायदे तसेच राहिले. १९४६ च्या कायद्याने गिरणीत मान्यतेची युनियन कोणती, हे कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरत नव्हते. म्हणजे दिल्लीचे सरकार निवडायला आपण शहाणे, आणि आपल्याच खात्यातली युनियन निवडायला अडाणी! १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यामागे पगार-बोनसाबरोबर हा रागही होता. संप मोडला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरण्यांच्या जमिनीत सार्वजनिक घरांसाठी आणि शहरासाठी वाटा ठेवणारा नियम १९९१ साली झाला. २००१ साली तो असा बदलला की वाटणी सगळ्या जमिनीची न होता मोकळ्या जमिनीपुरती उरली. एक ओळ बदलली आणि एकरच्या एकर हातचे गेले. ती ओळ किती कामगारांनी वाचली होती?

म्हणून आमचे सांगणे आहे की येत्या लोकसभेला, म्हणजे २०२९ ला, कोणत्याही पक्षाचा माणूस गेटवर आला, तर त्याला पुढचे प्रश्न विचारा. आपल्या आवडत्या पक्षालाही विचारा. किंबहुना त्यालाच आधी विचारा.

एक. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने, तीनशेहून कमी कामगार असलेल्या कारखान्याला सरकारची परवानगी न घेता कामगार कमी करता येतात आणि कारखाना बंद करता येतो. आधी हा आकडा शंभराचा होता. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तारीख लक्षात ठेवा. तुमचा पक्ष तीनशेच्या बाजूचा की शंभराच्या?

दोन. कामगारांची युनियन कामगारांनी गुप्त मतदानाने निवडावी, हे तुम्हाला मान्य आहे काय? हो की नाही, तेवढे सांगा.

तीन. कंत्राटी कामगाराचा कापलेला फंड कंत्राटदाराने भरला नाही, तर मूळ मालकाकडून तो किती दिवसांत वसूल कराल?

चार. कामगाराच्या हातात पडणारा प्रत्येक कागद, मग तो नेमणुकीचा असो, करारपत्र असो की कोर्टाची नोटीस असो, त्याला वाचता येईल अशा मराठीत द्याल काय? भाषेचे राज्य मागितले ते याचसाठी. नुसत्या पाट्या रंगवण्यासाठी नव्हे.

उत्तरे लिहून घ्या, तारीख घाला आणि कागद जपून ठेवा. निवडून आल्यावर तोच कागद पुढे करा.

आणि आपल्या घरातले काम विसरू नका. घरातल्या पोरापोरीला अठरा पुरी होत आली असतील, तर यादीत नाव घालायचा सहा नंबरचा फॉर्म भरायला लावा. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा वर्षात चार तारखा धरल्या जातात आणि सतरा वर्षे पुरी झाली की आगाऊ अर्ज करता येतो. मतदानाच्या दिवशी पगारी सुटी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. सुटी नाकारणाऱ्या मालकाला दंड आहे. बदली, कंत्राटी, सगळ्यांनी तो हक्क मागून घ्या.

चाळीच्या गॅलरीत, गेटवरच्या चहाच्या टपरीवर, युनियनच्या कचेरीत जाहीरनामे मोठ्याने वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याने ऐकावे, पण प्रश्न त्यानेही विचारावा. सून सासऱ्याशी वेगळे मत मांडील, पोरगा बापाला खोडून काढील. काढू द्या! बापाने सांगितले तिथे शिक्का मारणारा पोरगा उद्या मालकाने सांगितले तिथे अंगठा उठवील.

तो एकोणीस वर्षांचा पोरगा अजून आमच्यातच काम करतो. परवाच्या बैठकीत आम्ही सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली आणि हे चार प्रश्न त्यालाच वाचायला दिले. तिसरा प्रश्न त्याचाच आहे. पुढच्या वेळी साहेबांची मोटार गेटवर थांबेल, तेव्हा तोच पुढे उभा राहणार आहे आणि आम्ही त्याच्या पाठीशी उभे राहणार आहोत. तुमच्या गेटवरही असा एखादा पोरगा, एखादी पोरगी असेल. बंधूंनो, त्याला मागे ओढू नका.