'लाभार्थी' नव्हे, पात्र व्यक्ती!

मे २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, दौलतनगरला, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते 'शासन आपल्या दारी' अभियान सुरू झाले. प्रत्येक जिल्ह्याला किमान ७५ हजार लाभार्थ्यांचे लक्ष्य दिले गेले. मांडव, फ्लेक्स, सगळ्या खात्यांचे स्टॉल, मंचावर दाखल्यांचे वाटप आणि फोटो. आमचा प्रश्न साधा आहे. जो दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणे हा आमचा कायदेशीर हक्क आहे, त्याचे 'वाटप' कसले?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे, म्हणजे या अभियानाच्या आठ वर्षे आधीपासून. त्या कायद्यात अर्जदारासाठी शब्द आहे 'पात्र व्यक्ती'. फ्लेक्सवरचा शब्द आहे 'लाभार्थी'. पात्र व्यक्ती जाब विचारते, लाभार्थी हात जोडतो. समाजशास्त्राच्या भाषेत याला नागरिकाचे याचकात रूपांतर म्हणतात. आपल्या वस्तीच्या भाषेत याला मिंधेपणा म्हणतात.

गावगाड्यात सरकारचा निरोप घरोघर पोचवायला आपलेच पूर्वज राबले. चावडीचा सांगावा त्यांनी नेला आणि मोबदल्यात त्याच दारांसमोर 'जोहार मायबाप' म्हणत भाकरीसाठी उभे राहिले. बाबासाहेबांनी आपल्याला त्या दारातून उठवले. म्हणून शासन दारी येते, याचे कौतुक आम्हाला वाटत नाही. दारी या, पण उपकार म्हणून नको, नोकरीचे काम म्हणून या.

कुणी म्हणेल, 'पण लोकांची कामे एका दिवसात झाली ना?' झाली असतील. मग जे काम मांडवात एका दिवसात होते, ते तहसील कार्यालयात उरलेल्या ३६४ दिवसांत का अडते? अभियानाच्या यशाचा प्रत्येक आकडा रोजच्या कामकाजाच्या अपयशाची कबुली आहे.

आम्ही ऑनलाइन सेवेच्या विरोधात नाही. अर्ज आणि अधिकारी यांच्यामधला मध्यस्थ हटत असेल तर आम्हाला ती हवीच आहे. पण जत-आटपाडीपासून माण-खटावपर्यंतच्या वस्त्यांत 'आपले सरकार' म्हणजे पोर्टल नसते. ते असते सेवा केंद्रातले एक टेबल. तिथे कागद घेऊन 'दोन दिवसांनी या' म्हणतात. फॉर्मवर मोबाइल नंबर केंद्रचालकाचा टाकला जातो, त्यामुळे ओटीपी आणि अर्ज परत आल्याचा मेसेज त्यालाच जातो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, अर्ज पोर्टलवर दाखल होऊन त्याची पोच मिळेपर्यंत मुदत मोजायला आपल्या हाती काहीच नसते. ड्रॉवरमध्ये पडलेले दिवस कुठल्याच अहवालात दिसत नाहीत. मध्यस्थ गेला नाही, फक्त त्याच्यापुढे कॉम्प्युटर आला.

जातीच्या दाखल्याचे तर विचारूच नका. आपण धम्म स्वीकारला १९५६ ला, पुरावा मात्र १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या जातीचा द्यायचा. कुठून आणायचा? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव रजिस्टरला लागले. ती नोंद आज आपण अभिमानाने पाहतो. पण त्या काळात आपल्या किती आज्या-पणज्यांना शाळेची पायरी चढू दिली? ज्यांनी नोंदवहीत येऊ दिले नाही, तीच व्यवस्था आज नातवाला नोंदवहीचा उतारा अपलोड करायला सांगते. सापडलाच तर तो मोडीत असतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली, पलूस, वाळव्यातली घरेच्या घरे पाण्याखाली गेली. घरात पाणी शिरते तेव्हा माणूस आधी पोरं उचलतो, कागद नाही.

आणि हा दाखला अडला की पुढचे सगळे अडते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकत नाही आणि महाविद्यालय फीसाठी तगादा लावते. मुलींचे शिक्षण तर अशा वेळी सगळ्यात आधी थांबते.

म्हणून मित्रांनो, रडगाणे पुरे. कायद्याने हत्यार दिले आहे, ते वापरायला शिका.

एक, पोच घेतल्याशिवाय केंद्रातून उठू नका. पोचेवर तारीख, अर्ज क्रमांक आणि मुदत असते. फॉर्मवर नंबर आपलाच टाका.

दोन, अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हे सांगणेही अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

तीन, मुदत टळली की ३० दिवसांच्या आत पहिले अपील करा. त्यानंतर दुसरे, आणि तिसरे थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. रक्कम छोटी आहे, पण आपल्या खिशातून भरावी लागते.

चार, प्रत्येक बुद्धविहारात अर्जांची एक वही ठेवा. तारीख, क्रमांक, मुदत, निकाल. तालुक्यातल्या वह्या एकत्र आल्या की सरकारच्या जाहिरातीला आपले उत्तर तयार असेल.

आणि शासनाकडे आमची मागणी एकच आहे. पथके पाठवायचीच असतील तर वाटपाला नको, पुरावा शोधायला पाठवा. जुने दप्तर उघडा, मोडी वाचणारा माणूस बसवा, ज्याच्याकडे कागद नाही त्याच्या गावात येऊन चौकशी करा. तो कागद आमच्याकडे नाही, यात दोष आमचा नाही.

२८ एप्रिल हा सेवा हक्क दिन. आंबेडकर जयंतीनंतर अवघ्या चौदा दिवसांनी येतो. यंदा जयंतीच्या डीजेतून थोडे पैसे वाचवा आणि त्या दिवशी विहारात अपिले लिहायला बसा.

जय भीम!