निळ्या पासपोर्टाची हौस

माझा लंडनचा भाचा या आठवड्यात घरी आला आणि चहा यायच्या आधीच खिशातून नवाकोरा ब्रिटिश पासपोर्ट काढून त्याने टीपॉयवर ठेवला. गडद निळा, वर सोनेरी सिंह आणि एकशिंगी घोडा. "बघ मामा, जुना रंग परत आणला आम्ही!" या 'आम्ही'ने माझं डोकंच फिरलं. अरे, निळाच हवा होता तर आपल्या अशोकस्तंभवाल्याने काय घोडं मारलं होतं?

या सदराचे जुने वाचक जाणतातच, ब्रेक्झिट म्हटलं की माझा रक्तदाब वाढतो. तेव्हा उजळणी झटपट. २३ जून २०१६ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. युरोपीय महासंघातून बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला राहायचं होतं, पण त्यांना विचारतो कोण? ३१ जानेवारी २०२०ला ब्रिटन बाहेर पडला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस महासंघाच्या सामायिक बाजारपेठेतूनही.

एवढा खटाटोप करून हाती काय लागलं, तर टीपॉयवरचं ते निळं पुस्तक. आणि गंमत अशी की महासंघात असताना ब्रिटनचा पासपोर्ट तांबडा होता खरा, पण तांबडाच रंग द्या, अशी सक्ती महासंघाने कधी केलीच नव्हती. क्रोएशिया आजही निळा पासपोर्ट घेऊन महासंघात सुखाने नांदतो आहे. त्यातून या निळ्या पासपोर्टाचं कंत्राट 'डे ला रू' या ब्रिटिश कंपनीच्या हातून निसटून फ्रेंच-डच 'जेमाल्टो'कडे गेलं, आणि पुस्तिका तयार होऊ लागल्या पोलंडमध्ये. स्वाभिमानाची कोरी पुस्तिका पोलंडहून येते! हे ऐकून भाचा म्हणाला, "पण क्वालिटी बघ ना." पुढे त्याची बायको सहज बोलून गेली, की उन्हाळ्यात स्पेनला गेलो तेव्हा युरोपवाले भराभर आत गेले आणि आम्ही दुसऱ्या रांगेत मुलाला कडेवर घेऊन ताटकळत उभे. आता तिथे १८० दिवसांत ९०च दिवस राहायची मुभा. आधी असला हिशेबच नव्हता. भाचा तेवढ्यात बाल्कनीत फोन घ्यायला गेला.

पण माझा खरा राग रांगेवर नाही. २०१६ साली हा पठ्ठ्या भारतीय पासपोर्टावर, कंपनीने काढून दिलेल्या व्हिसावर तिथे राहत होता, आणि त्याने बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं. मत? भारतीयाने? होय. त्या सार्वमतात ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांखेरीज तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही मत होतं. पुण्याहून प्रोजेक्टवर गेलेला पोरगा ब्रिटनचं भवितव्य ठरवणार, आणि तिथे वर्षानुवर्षं राबणाऱ्या पोलिश गवंड्याला किंवा इटालियन नर्सला कुणी विचारणारही नाही!

आणि आपल्या गोंयकारांना? १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. लिस्बनला जन्माची नोंद करायची, लाल पासपोर्ट घ्यायचा आणि थेट इंग्लंड गाठायचं, हा कित्येक गोवेकरांचा रस्ता. स्विंडनसारख्या गावात त्यांची वस्तीच झाली. हे लोक तिथल्या गोदामांत रात्रपाळ्या करत होते, कर भरत होते, पण पासपोर्ट पोर्तुगालचा, म्हणून मत नाही. २०२० संपेपर्यंत जे तिथे पोहोचले त्यांना अर्ज करून राहता आलं. मागे राहिलेल्या धाकट्या भावाला मात्र आता लाल पासपोर्ट असूनही कामासाठी व्हिसा लागतो. म्हणजे मडगावच्या माणसाचा रस्ता बंद करायला कोथरूडच्या माणसाने हात वर केला.

का केला, तेही ऐका. "युरोपवाल्यांना दार बंद झालं की आपल्या लोकांना उघडेल." हे त्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हे. ब्रिटनच्या तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल यांनी 'करी हाउस वाचवा' अशी मोहीमच काढली होती. बाहेर पडलो की उपखंडातून आचारी आणता येतील, या आशेवर बांगलादेशी हॉटेलमालकांनी मतं दिली आणि पुढे आपली फसवणूक झाली म्हणून तेच ओरडू लागले.

भाचा अगदीच चुकला नाही, हे न्यायाने सांगायला हवं. २०२१पासून भारतीय विद्यार्थी, नर्सेस, आयटीवाले तिकडे भरभरून गेले. पण परदेशी माणसं कमी व्हावीत म्हणून ज्यांनी मत दिलं होतं, त्यांना काही काळ विक्रमी संख्येने परदेशी माणसं दिसू लागली. मग त्यांचा राग पोलंडवाल्यांवरून आपल्यावर वळला. २०२४मध्ये कुशल कामगारांच्या व्हिसासाठी पगाराची अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर गेली, आणि वृद्धांची सेवा करायला जाणाऱ्यांना मुलाबाळांना सोबत नेण्यास बंदी झाली. शेजाऱ्याचं दार लावून घेणाऱ्यांच्या भरवशावर आपलं दार किती दिवस उघडं राहणार होतं?

तुमचं कुणी तिकडे शिकायला किंवा नोकरीला असेल तर त्याला एवढं सांगा: मतदार यादीत नाव घाल. भारतीय पासपोर्टावर तिथल्या संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं, पुष्कळांना ते ठाऊकच नसतं. आणि मत देण्याआधी एकदा स्विंडनला चक्कर मारून ये म्हणावं.