पोलीस पाटलाचं मानधन : भांडण रकमेचं की नियमाचं?

गावात मारामारी झाली, विहिरीत प्रेत सापडलं, गोठ्यातली बैलजोडी चोरीला गेली, की पहिला निरोप पोलीस पाटलाकडे जातो. यात्रा, गणपती, निवडणूक आली की हातातलं काम टाकून त्याला हजर व्हावं लागतं. अतिवृष्टीच्या पंचनाम्याला आमच्या खात्याची माणसं शिवारात जातात, तेव्हाही पुष्कळ ठिकाणी पंच म्हणून त्याचीच सही असते. या माणसाला शासनाने काय द्यावं, हा वाद जुना आहे. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मानधन दरमहा १५ हजार केलं, तेवढ्याने तो मिटला असं समजू नये.

वतनदार मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. पुढे १९६७ चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला आणि १९६८ साली सेवाशर्तींचा आदेश निघाला. गंमत अशी, की त्या आदेशाच्या नावात ‘पगार, भत्ते’ असे शब्द आहेत आणि हातात पडतं ते मानधन. नेमणूक प्रांताची, काम ठाण्याचं, पैसा गृह खात्याचा. मग मानधन थकलं की विचारायचं कुणाला?

आता आकडे बघू. २०१९ साली मानधन ३ हजारांवरून ६,५०० झालं. म्हणजे दिवसाला साधारण २१७ रुपये. त्या वर्षी आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी होती २०६ रुपये. २०२३-२४ मध्ये ती २७३ वर गेली, आणि पोलीस पाटील २१७ वरच राहिला! मजुरीचा दर शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाला बांधलेला होता, त्यामुळे तो दरवर्षी १ एप्रिलला सरकत गेला. मानधनाला असा कुठलाच खुंटा नव्हता. मोर्चे निघायचे, निवेदनं जायची, मग कधीतरी वाढ. २०१९ आणि २०२४ ही दोन्ही वर्षं लोकसभा निवडणुकीची, हेही वाचकांच्या ध्यानात आलं असेलच.

पोलिसांच्या पगाराची गाऱ्हाणी तुंबली की काय होतं, ते राज्याने एकदा पाहिलं आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये, गिरणी संप चालू असतानाच, मुंबईचे पोलीस शिपाई बिथरले. संघटनेची मान्यता काढली गेली, पुढाऱ्यांना अटक झाली, आणि १८ ऑगस्टला शहरात दंगल उसळून लष्कर बोलवावं लागलं. पोलीस पाटील असं काही करणार नाही. गाव त्याचंच आहे, जाणार कुठे? पण म्हणूनच त्याचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं फाईलीत पडून राहतं.

काही शेतकरी म्हणतात, त्याला घरची शेती आहे, मग पगार कशाला? शेती करायला आदेशानेच मुभा आहे, हे खरं. पण दुसरीकडे पूर्णवेळ नोकरी धरायला मनाई आहे, हेही त्याच आदेशात आहे. तालुक्याच्या कारखान्यात तो कामाला जाऊ शकत नाही. रात्री-अपरात्री दार वाजलं की उठायचं, आणि शेजारचं पद रिकामं असलं तर त्या गावचाही भार डोक्यावर घ्यायचा.

तरीही त्याला पूर्ण पगारी सरकारी नोकर करावं, असं माझं मत नाही. पगार आला की बदली येते, आणि परगावचा पोलीस पाटील गावाच्या काय कामाचा? मानधनच राहू द्या. मात्र ते दरवर्षी महागाईप्रमाणे वाढावं आणि ठरल्या तारखेला बँकेत जमा व्हावं. सरपंच मंडळींनी ग्रामसभेत ठराव घेतलाच, तर त्यात अमुक हजार द्या असं लिहू नये. आज मागितलेला आकडा चार वर्षांत शिळा होतो. वाढीचा नियम आणि जमा होण्याची तारीख मागावी, आणि ठरावाची एक प्रत प्रांत कचेरीत देऊन पोच घ्यावी.