नवव्या बेटावरचा हुला

अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ठिकठिकाणी हवाईयन समाजकेंद्रे चालतात. भाड्याच्या सभागृहात मुले हुला शिकतात, वडीलधाऱ्या बायका फुलांच्या लेइ ओवतात, कोपऱ्यात कुणी युकुलेलीच्या तारा जुळवीत असतो. अशा केंद्रांवर एक ठरीव आक्षेप घेतला जातो: बेटांपासून हजारो मैलांवर जे चालते ती संस्कृती नव्हे, तिची नक्कल, माती सुटली की संस्कृती संपली. हा आक्षेप आम्हांस चुकीचा तर वाटतोच, पण त्याहून अधिक अन्यायाचा वाटतो.

माती सुटली कशी, हे आधी पाहावे. १८९३ साली राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवण्यात आली. १८९८ साली अमेरिकेने बेटे आपल्या राज्याला जोडून घेतली. मधल्या काळात, १८९६ च्या कायद्याने, शाळांचे माध्यम इंग्रजी झाले आणि हवाईयन बोलणाऱ्या मुलांना वर्गात शिक्षा होऊ लागली. पुढे घरांच्या किमती अशा चढल्या की बेटांवर राहणेच अनेकांच्या आवाक्याबाहेर गेले. २०२० च्या जनगणनेनुसार मूळ हवाईयनांपैकी निम्म्याहून अधिक लोक हवाईबाहेर राहतात. लास व्हेगासला तर ते 'नववे बेट' म्हणतात. ज्यांना स्वतःच्या घरात राहणे परवडेनासे झाले, त्यांनाच मुळे तोडल्याचा दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

शुद्धतेच्या कैवाऱ्यांना आणखी एक विचारावेसे वाटते. युकुलेली हवाईची की नाही? तिचे मूळ वाद्य १८७९ साली मदेइराहून आलेल्या पोर्तुगीज मजुरांनी आणले. बाहेरचे वाद्य बेटांवर येऊन हवाईयन होऊ शकते. मग बेटांवरचा माणूस बाहेर गेल्यावर हवाईयन का राहू शकत नाही?

आपल्याकडच्या काहींना ही केंद्रे परदेशातील महाराष्ट्र मंडळांसारखी वाटतात. तुलना वरवर ठीक. पण मंडळ उद्या बंद पडले तरी मराठीला धक्का बसणार नाही. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली आहे. हवाईयन भाषेची मुले मात्र १९८० च्या दशकारंभी बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. १९८४ साली 'पूनाना लेओ', म्हणजे भाषेचे घरटे, या नावाची बालशाळा निघाली तेव्हा कुठे ती सावरू लागली. ज्या भाषेची अवस्था अशी, तिच्यासाठी दूरच्या गावातले एक सभागृहही मोलाचे असते.

म्हणून केंद्रांत जे चालते ते सारेच आम्हांस मान्य आहे, असे नव्हे. पाहुण्यांपुढे गवती घागरे नाचवून वर्गणी गोळा करणारे केंद्र नक्कलच करते. आणि तीच नक्कल वाइकिकीच्या हॉटेलांतही होते. कसोटी अंतराची नाही. हुला ज्या मंत्रगीतावर नाचला जातो त्याचा अर्थ मुलांना कळतो का? कुमूचा, म्हणजे गुरूचा, शब्द तिथे चालतो की प्रायोजकाचा? आणि भाषेचा वर्ग भरतो का?

ज्या केंद्रात या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळतात, तिथली हवाई खरी आहे, मग बाहेर वाळवंट असो वा बर्फ. आणि जिथे भाषेचा वर्ग नाही, तिथे पुढच्या लुआउच्या मेजवानीआधी तो सुरू करावा.