गायीची पावले आणि गणिताची गंमत



या वेळी आपल्या पानावर गाय आणि गणित यांची जोडी घेतली आहे. आजी-आजोबांनी वाचून दाखवावे आणि नातवंडांनी मधे मधे प्रश्न विचारावेत, म्हणजे मजा येईल.

इथल्या मोशाव-किबुत्झांवरच्या रेफेतमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत गोठ्यात, गायीच्या पायाला एक लहानसे यंत्र बांधलेले तुम्ही पाहिले असेल. ते तिची पावले मोजते. यार्देनच्या खोऱ्यातल्या अफिकीम किबुत्झची अफिमिल्क कंपनी अशा यंत्रांसाठी जगभर ओळखली जाते.

पावले मोजायची कशाला? गाय माजावर आली की तिला चैन पडत नाही, ती नेहमीपेक्षा खूप जास्त चालते. हा काळ जेमतेम अर्धा-पाऊण दिवसाचा. तो हुकला की पुढे सुमारे 21 दिवस थांबा! उलट, लंगडणारी किंवा आजारी गाय कमी चालते. तेव्हा आकडे चुकीचे वाचले तर गोठेवाल्याचे नुकसान आणि मुक्या जनावराचे हाल.

आता मुलांनो, लक्ष द्या. समजा, चंद्री ही चपळ गाय तासाला 150 पावले टाकते आणि कपिला ही शांत गाय फक्त 60. मालकाने सगळ्यांना एकच नियम लावला: 140 च्या वर गेली की घंटा वाजवा. मग चंद्रीची घंटा रोजच वाजणार! आणि एके दिवशी कपिला 130 पावले चालली तर? तिच्या मानाने हे दुपटीहून जास्त, पण घंटा गप्पच. म्हणून प्रत्येक गायीची तुलना आधी तिच्याशीच करायची.

दुसरी चूक याहून फसवी. नवा चारा चांगला की जुना, हे बघायला दहा गायी घेतल्या आणि 30 दिवस रोज एक नोंद केली. झाल्या 300 नोंदी. पण गायी किती? दहाच! एकाच माणसाने एक गोष्ट तीस वेळा सांगितली म्हणून तीस साक्षीदार होत नाहीत. हे विसरले तर निव्वळ योगायोगालाही पुरावा समजले जाते.

यावर उपाय म्हणजे 'मिक्स्ड इफेक्ट्स मॉडेल', म्हणजेच मिश्र गणित. यात दोन गोष्टी एकत्र मांडतात. एक, सर्वांना लागू पडणारी: उन्हाळा, चारा, दूध काढायची वेळ. दुसरी, प्रत्येकीचा आपापला स्वभाव. एखादी मुळातच जास्त चालते, तर एखादी हमसीनच्या उष्ण वाऱ्यात इतरांपेक्षा लवकर मंदावते. गणित या दोन्हींचा वाटा वेगळा करून दाखवते.

आणि गोठ्यात नवी गाय आली, दोनच दिवसांच्या नोंदी आहेत, तर? तेव्हा हे गणित तिच्या आकड्यांवर थोडाच विश्वास ठेवते आणि कळपाच्या सरासरीकडे झुकते. जसजसे दिवस जातात तसतसा तिच्या स्वतःच्या नोंदींना मान वाढतो. नव्या शेजाऱ्याचा स्वभाव तरी आपल्याला दोन दिवसांत कुठे कळतो?

गंमत म्हणजे या गणिताच्या वाढीला गायींचाच हातभार लागला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले चार्ल्स हेंडरसन (1911–1989) यांनी लेकींच्या दुधावरून वळूची पारख करण्यासाठी त्याची समीकरणे मांडली. पुढे 1982 साली नान लेअर्ड आणि जेम्स वेअर यांनी, एकाच माणसाची पुन्हा पुन्हा मापे घेतली तर ती कशी वाचावीत, यासाठी ही पद्धत मांडली. आज औषधांच्या चाचण्यांतही ती वापरतात.

आजी-आजोबांनो, यात आपल्यासाठीही एक गोष्ट आहे. रक्तदाबाचा एकच आकडा बघून त्यावरून निदान करू नका आणि शेजारणीच्या आकड्याशी बरोबरीही नको. रोजची नोंद वहीत ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

आणि बाळांनो, तुम्हाला काम! चौदा दिवस आपली आणि आजोबांची पावले मोजून लिहा. जास्त कोण चालले ते विचारू नका. कोणत्या दिवशी कोण आपल्या नेहमीपेक्षा वेगळे चालले आणि का, ते शोधा.