कसबा कुणाचा?

पुण्याचा इतिहास सांगणारे बहुधा शनिवारवाड्यापासून सुरुवात करतात. त्याच्याही आधीचे पुणे म्हणजे मुठेकाठचा कसबा. ‘कसबा’ हा शब्द मूळचा अरबी. पण कसबा गणपतीचे नाव घेताना तो कुणाला परका वाटत नाही.

१६३० च्या सुमारास मुरार जगदेवाने पुणे जाळले, त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. हा सरदार हिंदू, चाकरी आदिलशाहीची, आणि जहागीर शहाजीराजांची. हिंदू विरुद्ध मुसलमान या चौकटीत हा प्रसंग बसवून दाखवा! पुढे जिजाऊंच्या देखरेखीखाली गाव पुन्हा वसले. पण गाव नुसत्या हुकुमाने वसत नाही, त्याला राबणारे हात लागतात. तांबट आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा ही त्याच हातांची नावे. कागदीपुऱ्यात हातकागद करणारे मुसलमान कारागीर होते.

आज मात्र कसब्याची चर्चा दर्गा की देऊळ इथेच अडते. भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी तांबटाची ठोकणी जवळून ऐकली असेल? मुलांना वाडा जरूर दाखवा. पण तिथून चार पावले पुढे कागदीपुऱ्यातही न्या. हा कसबा घडवणाऱ्यांत आम्हीही होतो, एवढे त्यांना कळले तरी पुरे.