सगळं हिरवं, तरी अक्षर गायब

मी टेंभुर्णीत घरी बसून लिनक्सच्या पॅकेजेससाठी स्वयंचलित चाचण्या लिहितो. मागे आमच्या एडिटरच्या सगळ्या चाचण्या हिरव्या आल्या, आवृत्ती बाहेर पडली. दोनच दिवसांत हायवेलगतच्या टायपिंगवाल्या दादांचा फोन: "अरे, 'क्षीरसागर' लिहिलं की 'क्ष'च गायब! दोन अर्ज तसेच छापून गेले."

नावातलं अक्षर गेलं की त्या माणसाला माढ्याच्या तहसीलचा आणखी एक हेलपाटा. आणि चूक माझी होती.

चाचणीत मी मॉक सेशन उभं केलं होतं. स्क्रीन नकली, डी-बस तात्पुरती, आणि अक्षरं थेट प्रोग्रॅमच्या घशात ओतणारी स्क्रिप्ट. पण फोनेटिक मराठी टाइप करताना बोटं आणि एडिटर यांच्यामध्ये आयबस बसलेला असतो. तो अर्धं अक्षर धरून ठेवतो, पुरं झालं की पुढे देतो. माझ्या मॉकमध्ये आयबस नव्हताच. म्हणजे मी मराठी टायपिंग तपासलंच नव्हतं.

"खरं सेशन आणलं की चाचणी रखडते, मधेच उगाच पडते," असं सहकारी म्हणतात. कबूल. बेरीज-वजाबाकी तपासायला मॉक उत्तम. पण जिथे दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात, तिथे एकाचा पुतळा बसवून संवाद कसा तपासणार?

डेबियनच्या ऑटोपीकेजीटेस्टचा मुद्दाच हा, की पॅकेज इन्स्टॉल झालेल्या रूपात तपासा. चाचणीला स्वतंत्र मशीन हवं, असं सांगायची सोयही त्यात आहे. आपण मात्र तिथेही नकली सेशन भरतो.

४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभरही टिकलं नाही. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ मधून आणलेलं होतं. संपूर्ण प्रणालीच्या चाचण्यांत त्या यंत्रणेच्या जागी तिची नक्कल होती. नक्कल पास झाली, रॉकेट फुटलं.

तुमच्यातल्या कित्येकांनी एमपीएससीच्या मॉक टेस्ट दिल्या असतील. त्यातले मार्क दाखवून कुणी पोस्टिंग मागतं का? मग सॉफ्टवेअरला ही सवलत कशासाठी?

मॉक ठेवा. पण रिलीजआधी एक तरी चाचणी खऱ्या लॉगिनमध्ये, आयबस चालू ठेवून, मराठी टाइप करून घ्या. जमत नसेल, तर अहवालात नुसतं 'पास' लिहू नका. 'मॉकवर पास' लिहा.